पिवळा गोल

डॉक्टरबाईंचा डोळा म्हणजे डोळा! विषाणूच्या न्यूमोनियातून उठलेल्या माणसाचं स्कॅन त्या पडद्यावर बघायच्या आणि शेजारच्या फुप्फुसांच्या कोऱ्या आकृतीवर पिवळ्या पेनाने गोल काढायच्या. इथे व्रण राहील, इथे राहणार नाही. तीन महिन्यांनी दुसरं स्कॅन यायचं, आणि व्रण नेमका गोलात. जड औषध कुणाला द्यायचं, हे त्या गोलांवरच ठरायचं.

धाकटा भाऊ चिडवायचा, "ताई, नोकरी सोड आणि दुकान थाट. फुप्फुसाचं भविष्य पाहून मिळेल!"

"आधी तुझ्या जिभेचं बघते," बाई म्हणायच्या. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

मग एक शिक्षिका आली. रुग्णाची डावी बाजू पडद्यावर आपल्या उजव्या हाताला दिसते, हे शिकाऊ पोरांनाही पाठ असतं. पण माणूस आहे, चुकतो. बोलता बोलता बाईंचं उजवं-डावं फसलं. आजार डावीकडे आणि गोल पडला उजवीकडे. वर पेनही घसरलं, गोलाला बारीकशी शेपटी फुटली.

तीन महिन्यांनी शिक्षिकेचं डावं फुप्फुस लख्ख होतं. व्रण उजवीकडे उमटला होता, आजार जिथे शिवलाही नव्हता तिथे. त्याला शेपटी होती.

योगायोग, दुसरं काय, असं बाईंनी स्वतःला दहादा बजावलं. पण पेन हातात धरवेना.

आणि नेमका त्याच आठवड्यात भाऊ आजारी पडला. आईच्या माघारी बाईंनीच त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याचं स्कॅन उघडलं, तर दोन्ही फुप्फुसांवर पांढरं सावट.

"मॅडम, गोल काढताय ना?" तंत्रज्ञ म्हणाला. "औषध अडलंय."

"नाही काढायचे."

"अहो, पण एवढं पसरलंय..."

"काही राहणार नाही म्हणून लिहा."

खरं सांगायचं तर बाई भीतीने अर्ध्या झाल्या होत्या. चुकल्या असत्या, तर औषधावाचून भाऊ जन्मभर धापा टाकत बसला असता. पण आकृती कोरीच गेली.

तीन महिने कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. भाऊ तपासणीला आला तेव्हा बाई पडद्यासमोरच बसल्या. फुप्फुसं स्वच्छ होती. एक ओरखडा नाही! बाईंचे डोळे भरून आले.

तंत्रज्ञ मात्र जागचा हलला नाही.

"मॅडम, श्वास घेऊन एक स्कॅन काढतो आपण आणि सोडून एक."

"मग?"

"दोन्ही सारखीच आलीत."

"सोडला नसेल त्याने. वेंधळाच आहे."

"तीनदा काढलं, मॅडम."

बाई उठल्या. बाहेर भाऊ बाकावरून टुणकन उभा राहिला.

"ताई, चार जिने चढून आलो, धाप म्हणून नाही! मानतेस की नाही?"

बाईंनी त्याला जवळ घेतलं. पाठीवर हात ठेवला.

पाठ उबदार होती.

बाई वाट बघत राहिल्या.

तो हसत होता, बोलत होता, आणि हाताखाली पाठ जराही हलत नव्हती.