सायकलवरून उतरल्यावर

"चोर! बूटचोर!"

मैदानाच्या फाटकात उभा राहून तो ओरडला तेव्हा तीही मागे वळून बघायला लागली – कोण चोर, कुठला चोर? मग लक्षात आलं, त्याचं बोट तिच्याकडेच आहे. आणि बोटामागचा माणूस अनवाणी आहे.

तिने खाली पाहिलं. बूट निळे, आठ नंबरचे, तिचे होते तस्सेच. फक्त डाव्या बुटावर काळ्या ग्रीसचा एक अंगठा उठलेला होता, आणि तो अंगठा काही तिचा नव्हता. पाच किलोमीटर ती परक्याचे बूट घालून पळून आली होती!

यात तिचा दोष निम्मा. उरलेला निम्मा जोडसरावाचा. पोहणं, सायकल आणि धावणं एका दमात करणाऱ्या मंडळींना सर दर रविवारी हा सराव करायला लावत. चाळीस किलोमीटर सायकल हाणायची, उतरायचं, बूट बदलायचे आणि श्वासही न घेता पळत सुटायचं. सायकलवरून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं पाय आपले नसतातच, कुणाकडून मागून आणल्यासारखे वाटतात. अशा पायांना बूट कुणाचे ते काय कळणार?

"चुकून झालं," ती म्हणाली. सूर मात्र 'चूक तुमचीच' असा. "माझे घालून पळायचं होतंत. नंबर तर एकच दिसतोय."

"म्हणजे माझे पाय बाईसारखे?"

"किंवा माझे पुरुषासारखे. काय म्हणायची हिंमत आहे ते म्हणा."

हिंमत झाली नाही. त्याने तिचे बूट उलटे करून तळवे तिच्यापुढे धरले. "हे घालून पळालो असतो तर मीही लंगडलो असतो."

"मी लंगडत नाही!"

"डावा आतून झिजलाय, उजवा बाहेरून. गाड्यांच्या चाकांचं अलाइनमेंट करतो मी, बाई. असे टायर घेऊन गाडी आली तर मी ती गॅरेजबाहेर सोडत नाही."

"मी गाडी नाही."

"तेच म्हणतोय. गाडी निदान आवाज तरी करते."

त्या दिवशी तिने ठरवलं, या माणसाचं तोंड पुन्हा बघायचं नाही. पुढच्या रविवारी ती वीस मिनिटं आधीच आली. राग माणसाला किती वक्तशीर करतो, याची तिलाही कल्पना नव्हती.

तो तिच्या मागे पळायचा. पुढे कधी नाही – मागे, चार हातांवर. "तिकडून पळा की जरा, रस्ता काय कमी पडलाय?" ती न वळता म्हणायची. "बूट कुणाचे घातलेत ते बघतोय," तो म्हणायचा. तिसऱ्या रविवारपर्यंत 'तुम्ही' गळून पडलं, आणि भांडायला सोपं जावं म्हणून दोघं एकमेकांना 'तू' म्हणू लागली. निदान कारण तरी तिने स्वतःला तेच सांगितलं.

पाय दुखत होता, हे खरं. डाव्या नडगीवर, आतल्या बाजूला, बोटाएवढी जागा. पण गेल्या वर्षीच्या शर्यतीत शेवटचे दोन किलोमीटर राहिले असताना ती रस्त्याच्या कडेला मटकन बसली होती, आणि ताईने काढलेला तो फोटो अजून घरच्या ग्रुपवर फिरत होता. भाऊजी तर कुणाच्याही वाढदिवसाला तोच टाकत. यंदा शेवटची रेघ ओलांडायची म्हणजे ओलांडायची. त्यात नडगीचं मत कुणी विचारलं नव्हतं.

शिवाय ती औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट. काउंटरपलीकडच्या माणसाला दिवसातून वीसदा बजावायची, "दुखण्याची गोळी तीन दिवसांच्या वर नको, नाहीतर दुखणं लपतं आणि वाढतं." स्वतःचा तिचा एकोणिसावा दिवस चालू होता.

चौथ्या रविवारी सायकल टेकवून ती गोळी गिळत होती, आणि त्याने पाहिलं. पाकिटावर तिने लिहिलेल्या तारखाही पाहिल्या. पळणं संपलं तेव्हा सर दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे.

"आजपासून तुझं पळणं बंद. हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणल्याशिवाय इथे दिसायचं नाही."

तिच्या कानशिलांतून वाफ निघायचीच बाकी होती. सरांना कुणी सांगितलं ते विचारायची गरजच नव्हती. तावातावाने ती आपल्या वेळा बघायला, सर सगळ्यांच्या वेळा लिहीत त्या फळ्यापाशी गेली – किती छान पळतेय ते सरांच्या तोंडावर मारायला. आणि तिथे तिची नजर त्याच्या वेळांवर अडकली.

दुपारी पांढऱ्या कोटासकट ती त्याच्या गॅरेजात शिरली. रबराचा आणि तेलाचा वास, वर उचललेली एक गाडी, गाडीखाली तो.

"बाहेर ये!"

"हातातला नट –"

"नट राहू दे! तू सरांना का सांगितलंस? पाय माझा, गोळी माझी, शर्यत माझी. तू कोण?"

तो बाहेर आला. तोही चिडलेला होता. "एकोणीस दिवस! पाकिटावर तारखा लिहून गोळ्या खातेस, आणि मी कोण म्हणून विचारतेस? एखाद्या गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर त्याला काय म्हणाली असतीस?"

"ते मी त्याच्या तोंडावर म्हणाले असते! पाठीमागून नाही!"

हे त्याला लागलं. त्याने फडकं उचलून हात पुसले.

"चुकलं," तो म्हणाला. "आधी तुझ्याशीच बोलायला हवं होतं. पण... तू ऐकलं असतंस?"

"नसतंच ऐकलं. पण भांडायचा पहिला हक्क माझा होता, सरांचा नाही! आणि दुसरं. बूट गेले त्याच्या आधीच्या रविवारी तुला पाच किलोमीटरला तेवीस मिनिटं लागली. नंतर सत्तावीस, अठ्ठावीस, आज एकोणतीस. दर वेळी माझ्याहून एक सेकंद जास्त. तुझा कुठला पाय दुखतोय?"

"माझा नाही दुखत."

"मग?"

"तुझ्या पावलांचा आवाज..." त्याने फडकं घडी करून पुन्हा उलगडलं. "मागून ऐकू येतो. उजवं पाऊल जड, डावं हलकं. दोन्ही सारखी पडायला लागली की पुढे जाणार होतो."

असल्या वाक्यावर कसं चिडायचं, हे तिला कळेना. म्हणून ती जास्तच चिडली, आणि दार आपटून निघून गेली. गॅरेजला दार नव्हतं, शटर होतं. तेही तिने आपटायचा प्रयत्न केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने एकटीने जोडसराव केला. गोळी न घेता. सायकल झाली, उतरली, पळू लागली. आज पहिल्यांदा तिने कान दिला... पाय मागून आणलेले होते तोवर ठीक. मग ते हळूहळू तिचे झाले, आणि बोटाएवढी जागा बोलू लागली. शंभर पावलं कुरबूर. दोनशेला तक्रार. चारशेव्या पावलाला नडगीने इतकं स्पष्ट 'नाही' म्हटलं, की ती थांबली. स्वतःला, नडगीला आणि त्या चाकवाल्याला तिने शिव्या हासडल्या, आणि सायकल ढकलत थेट डॉक्टरांकडे गेली.

"हाड तुटायच्या बेतात आहे," डॉक्टर म्हणाले. "सहा आठवडे पळायचं नाही. दुखत नसेल तर पोहा, सायकल चालवा. आणखी एक शर्यत पळाला असतात तर प्लास्टर घातलं असतं."

शर्यतीला तीन आठवडे होते. ती गॅरेजसमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि आवाज नेहमीचाच.

"पळणं गेलं. आनंद झाला असेल."

"नाही झाला," तो म्हणाला. "मीही नाव काढून घेतो."

"खबरदार! तू कशाला काढतोस? दोघांचा संघ चालतो, मी सरांना विचारून आले. पोहणं माझं, सायकल माझी, पळणं तुझं. रेघ तू ओलांडायची, माझ्या वतीने. आणि मुद्दाम हळू पळलास ना, तर बघ!"

शर्यतीच्या सकाळी ती सायकलवरून अशी आली की फाटकातला पंच दोन पावलं मागे सरला. सायकल टेकवली आणि त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली. तिच्या घोट्याला वेळ मोजणारा पट्टा होता. तो काढायचा आणि त्याच्या घोट्याला बांधायचा, तेव्हाच संघाला पुढे जाता येतं. पाय पळायला शिवशिवत होते, डोळ्यांत पाणी येत होतं, बोटं घामाने निसटत होती. पट्टा काही चिकटेना.

"हळू," तो वरून म्हणाला. "घाई नाही."

"गप्प बस! घाई कशी नाही? एक तर मला पळता येत नाहीये, त्यात हा पट्टा... त्यात तू! प्रेम आहे माझं तुझ्यावर, कळलं? बांधला. पळ!"

तो पळाला नाही. "काय म्हणालीस?"

"पळ म्हणाले!"

"त्याच्या आधी."

"लोक पुढे चाललेत, मूर्खा!"

"जाऊ देत. माझंही आहे. बूट नेलेस त्या दिवसापासून."

"मग ते पळता पळता सांगायचंस!" ती किंचाळली, आणि दोन्ही हातांनी त्याला ढकललं. तेवीस मिनिटांत पाच किलोमीटर पळणाऱ्या माणसासारखा तो सुटला.

त्या पट्ट्यापाशी त्यांच्या संघाचे अकरा सेकंद जास्त गेले. निकालाच्या कागदावर तसं छापलंय. ते कुणामुळे गेले, यावर दोघांचं भांडण अजून चालू आहे.