हा घ्या तुमचा जुना

दिवा राहू दे बारीक. सांगतो. ऐकीव नाही बरं का, आमच्या मिस्त्रीची गोष्ट आहे. त्यानेच मला सांगितली, तीही माझ्याकडे न बघता.

मिस्त्रीचं गॅरेज बाजारामागच्या गल्लीत. नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगायचा. आणि एक शिस्त होती त्याची. नवा पार्ट बसवला की काढलेला जुना गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचा. "हा घ्या तुमचा जुना." म्हणजे संशयाला जागा नको.

एकदा त्याचे दाजी, म्हणजे धाकट्या बहिणीचे यजमान, मोटारसायकल घेऊन आले. इंजिनात खडखड. टायमिंग चेनचा टेन्शनर गेलेला. हसू नका रे, टेन्शन देणारा नव्हे. आतली साखळी ताणून धरणारा, बोटाएवढा पार्ट. नवा दुकानात नव्हता आणि दाजींना लगेच निघायचं होतं. आता दाजींना 'नाही' कसं म्हणायचं? मिस्त्रीने जुनाच थोडा ताणून परत बसवला. भंगाराच्या डब्यातला भलताच एक उचलून दाजींच्या तळहातावर ठेवला. "हा घ्या तुमचा जुना." दाजी खूश होऊन गेले.

टेकडीच्या उतारावर साखळी सुटली, इंजिन जागच्या जागी जाम झालं. दाजी परत आले नाहीत. बहीण म्हणाली, "दादा, तुझ्या हातची गाडी, म्हणून मी निर्धास्त होते रे." मिस्त्रीने मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखाने. शरमेने मेला होता तो.

गाडी गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहिली. गेल्या वर्षी, डिसेंबरातल्या शेवटच्या शनिवारी बहिणीचा फोन आला. "उद्या एक जण गाडी विकत घ्यायला येतोय. इंजिन उघडून बघणार म्हणाला." उघडलं की सगळं उघडं पडणार. जेवण झाल्यावर तो गुपचूप गॅरेजात गेला आणि शटर आतून ओढून घेतलं.

बोल्ट काढले. जुना बाहेर, नवा आत. बोल्ट आवळले. हुश्श.

खडखड...

गाडीत पेट्रोलचा थेंब नव्हता. चावीही नव्हती.

पुन्हा उघडलं. आत जुनाच. नवा बाकावर पडलेला, कोरा करकरीत. जुना काढला...

पाठीमागून, अगदी नेहमीच्या सुरात... "मेव्हणे, जुना द्या की."

"काका, मागे वळून बघितलं त्याने?"

बघतोय कसला! तोंड दाखवायला जागा कुठे होती? तसाच पाठमोरा राहिला. हात मागे केला. तळहातावर जुना. कोणीतरी उचलला. बोटं लागली... गार.

मग काही नाही.

पहाटे तो बहिणीच्या दारात उभा राहिला. आज सांगायचंच, असं ठरवून. कडी वाजवायच्या आत तिनेच दार उघडलं. मूठ पुढे केली. तेलाने माखलेला टेन्शनर.

"दादा, ह्यांच्या उशीवर होता. कशाचा आहे रे हा?"

अंधारात चाचपून पार्ट ओळखणारा माणूस. म्हणाला, "माझ्या पापाचा." आणि उंबऱ्यावरच बसून सगळं सांगितलं.

तिने तो त्याच्या हातात ठेवला.

गरम होता... चालत्या गाडीतून आत्ताच काढल्यासारखा.