गेटाबाहेर न गेलेला दगड

"पासबुक दाव, वैनी," किशोर दारात आडवा उभा राहून म्हणाला, आणि तांदूळ पाखडणाऱ्या ललिताचे हात सुपावरच थिजले.

पळसदरीच्या त्या घरात इतक्या कोरड्या आवाजात तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. सात वर्षांचा असल्यापासून हा पोरका दीर तिनं पोटच्या पोरासारखा वाढवला होता. नवरा विकास गेल्यावर माहेरच्यांनी दुसऱ्या लग्नाचा आग्रह धरला, तेव्हाही ती या मुलापायीच इथं राहिली होती...

"आपल्या माळावरनं दुप्पट दगड निघतोय. खाणीवर मुकादम हाय मी, रोज बघतोय. राजेशदादाला त्याचा वाटा बरोबर पोचतो. मंग आपला जातो कुठं?"

"नाय दावत," ललिता खाली मान घालून म्हणाली.

"माहेरी धाडलास ना?"

किशोरची बायको नम्रता भिंतीला धरून उभी होती, सातवा महिना लागलेला. तिच्याकडे पाहून ललिता पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

काय सांगणार होती ती? खाणीच्या गेटाबाहेर जितका दगड जाईल, तितक्यावर जमीनमालकांना पैसे, असा करार होता. ते ललिताच्या खात्यात येत आणि त्यातले निम्मे ती चुलतदीर राजेशला देई. मग कंपनीनं खाणीच्या आवारातच सिमेंटच्या विटांचा कारखाना घातला. दगड आतच फुटू लागला, आतच विटांत जिरू लागला, गेटाबाहेर पडू लागल्या त्या विटा. पैसे निम्म्यावर आले. ती विचारायला गेली, तेव्हा ऑफिसातल्या कारकुनानं एक कागद पुढं केला. आत वापरलेल्या दगडाचे पैसे आम्ही मागणार नाही, अशी सगळ्या मालकांच्या वतीनं दिलेली संमती होती ती. खाली सही किशोरची. सगळ्यांचं कुलमुखत्यारपत्र त्याच्याच नावावर होतं, आणि नोकरीवर रुजू होताना पुढ्यात आलेल्या इंग्रजी कागदांवर त्यानं न वाचताच सह्या केल्या होत्या.

नोकरीसाठी आमचा हक्क विकला म्हणून तापट राजेशनं त्याला कोर्टात खेचलं असतं. त्याला वाटा कमी दिसू नये म्हणून येतील ते सगळे पैसे ती राजेशला पोचवत राहिली, आणि घराला काही उरेना.

किशोरनं पासबुक मागितलं त्याच दिवशी ती घर सोडून दहिवलीला गेली आणि एका वसतिगृहात भाकऱ्या थापू लागली. नम्रताला मुलगी झाल्याचं तिला बाजारात कुणाकडून तरी कळलं. बारशाचं बोलावणं आलं नाही... राजेशचे पैसे मात्र एकदाही चुकले नाहीत.

तीन वर्षांनी संमतीची मुदत संपली. "मागच्यासारखीच सही कर," म्हणत साहेबानं नवा कागद दिला. या खेपेला किशोरनं तो घरी आणला. नम्रता वाचता वाचता आत वापरलेल्या दगडाच्या ओळीवर थांबली.

"मागच्या कागदावरपण हेच होतं?"

किशोर डोकं धरून खाली बसला.

दहिवलीला त्यानं वहिनीचे पोळलेले हात पाहिले. "का नाय सांगितलंस?"

"तू गप बसला नसतास रं. सरळ राजेशकडं गेला असतास."

"मंग आता जातो."

"नको रं... लेकरू लहान हाय." तिनं त्याची बाही धरली. त्यानं ती हळूच सोडवली.

राजेशनं भर अंगणात त्याच्या कानाखाली वाजवली आणि महिन्याभरात कोर्टात दावा लावला. नवी सही न केल्यानं नोकरीही गेली. किशोर शिळफाट्याला टेंपोवर हमाली करू लागला. जे वाचवायला ललितानं तीन वर्षं जाळली होती, त्यातलं काहीच वाचलं नाही.

तरी तो तिला घेऊन आला. उंबऱ्याशी नम्रतानं तिचे पाय धरले. मागून पोर डोकावली. "बाबा, ही कोण?"

जन्मभर त्यानं तिला वैनीच म्हटलं होतं.

"माझी आय हाय ती," किशोर म्हणाला. "तुझी आजी."

ललितानं पदर तोंडाला लावला आणि ती उंबऱ्यातच खाली बसली... पदराआड तिचे खांदे गदगदत राहिले, आणि कुणी तिला रडू नको म्हटलं नाही.