अर्ध्यावर तुटणारा तास

लाईट गेलीच आहे तर ते मोबाईल खाली ठेवा, पोरांनो, आणि जरा सरकून बसा. गोष्ट या लातुरातलीच आहे आणि खोटं सांगून मला कुणी पेढे वाटणार नाही. हरिओम माझ्या चांगल्या ओळखीतला. त्यानं हे मला सांगितलं तेव्हा पुढ्यातल्या चहावर साय धरली, तरी त्यानं कप काही तोंडाला लावला नाही.

हरिओम मूळचा किल्लारीचा. भूकंपात घर पडलं तेव्हा चार वर्षांचा होता. त्याला मातीतून जिवंत काढलं, आईला नाही. पुढं मावशीनं वाढवलं. आईचा लग्नातला एक फोटो होता, त्यामुळं चेहरा तरी ठाऊक होता. आवाज मात्र कितीही आठवायला गेला तरी येत नसे. त्याचं त्याला फार वाईट वाटायचं. दरवर्षी भूकंपाच्या रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही, म्हणून ती रात्र तो कामावरच काढायचा.

काम म्हणजे इथल्याच एका क्लासची वेबसाईट सांभाळायची. क्लासचं नाव विचारू नका. सरांच्या तासांचे व्हिडिओ तिथं ठेवलेले असायचे, पोरांनी ते आपापल्या मोबाईलवर उतरवून घ्यायचे. साल २०१८, तारीख २९ सप्टेंबर, शनिवार. पितृपंधरवडा चालू होता. दुसऱ्या दिवशी मोठी टेस्ट. हरिओमला एवढंच सांगितलं होतं की सकाळपर्यंत सर्व्हर पडता कामा नये. डबा खाऊन तो निवांत खुर्चीत बसला.

त्या आठवड्यात सर्व्हर रोज रात्री पडत होता. कारण एकच. कुणीतरी एक रोल नंबर रोज एकच फाईल मागायचा. माधवराव सरांचा फिजिक्सचा तास, भली मोठी फाईल. ती अर्ध्यावर तुटायची, की पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यातली मेख सांगतो. पंगतीतला वाढपी कसा, पळीपळीनं वाढत पुढं जातो. हरिओमनं घाईत लिहिलेला प्रोग्राम तसा नव्हता. कुणी वाटीभर मागितलं की तो अख्खी कढईच उचलायचा. म्हणजे सगळी फाईल आधी मेमरीत घ्यायची आणि मग द्यायला लागायचं. दहा पोरांनी मागितलं की दहा कढया. मग सर्व्हर मटकन खाली बसणार नाही तर काय होणार? सगळ्यांचंच ताट अर्धं राहायचं.

चूक प्रोग्राममध्ये आहे हे हरिओमला कळत होतं. पण टेस्टच्या तोंडावर त्याला हात लावायचा धीर होईना. मग गड्यानं सोपा रस्ता धरला. गुरुवारी तो रोल नंबरच बंद करून टाकला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हजारो पोरांच्या क्लासात त्याला नंबर तेवढे माहीत, माणसं नाहीत. शुक्रवारची रात्र शांत गेली, तेव्हा तो स्वतःवरच खूश झाला.

शनिवारी रात्री स्क्रीनवर तोच नंबर आला. तीच फाईल.

हरिओमनं तपासलं. नंबर बंदच होता. त्यानं सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. थोड्या वेळानं पुन्हा तोच नंबर. फाईल अर्ध्यावर आली आणि तुटली. पुन्हा पहिल्यापासून.

आता त्याचं डोकं फिरलं. नोंदीतून त्या नंबरच्या मुलीच्या घरचा फोन काढला आणि अवेळ झाली होती तरी लावला. पहिल्या रिंगलाच एका बाईनं उचलला.

"क्लासमधून बोलतोय," हरिओम म्हणाला. "तुमच्या मुलीला सांगा, एकच व्हिडिओ कितीदा मागायचा? बाकीच्या पोरांचं नुकसान होऊन राहिलं."





"साक्षी न्हाई हो, साहेब," बाई म्हणाली. "आखाडात तापानं गेली. मी तिची आई, सिंधु."

हरिओम खुर्चीत सरळ झाला.

"ते मीच लावत होते. तिचा आवाज कुठंच न्हाई आमच्यापाशी. तिची मैतरीण उर्वी म्हणली, त्या तासाच्या शेवटाला साक्षीनं सरला शंका इचारली हाय. तेवढं ऐकावं म्हणून रोज लावायची. रोज अर्ध्यातच तुटायचं, लेकरा. अन् परवापासून तर उघडंनाच. म्हणलं, चला... क्लासनंबी पोरीचं नाव खोडलं."

पोरांनो, हरिओम मला म्हणाला, त्या वाक्यापेक्षा माझ्या कानाखाली कुणी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बाई बोलतच होती. "मेसमधी जेवून आली की रोज फोन करायची. 'आई, जेवलीस का?' तिचा फोन आल्याबिगर मी ताट घेत नव्हते. 'हाव गं, जेवते आता,' असं मी म्हणायची अन् मगच ताटावर बसायची. आता रातच्याला घासच उतरत न्हाई. हे लई वरडतात, पर न्हाई उतरत."

हरिओमची नजर स्क्रीनवर गेली. फाईल किती गेली त्याचा आकडा सरकत होता.

"मावशी... मग आत्ता कोण लावतंय?"

"आत्ता? तिचा मोबाईल तर परवाच बंद केला. ट्रंकेत ठिवला, तिच्या कपड्यात."

हरिओमनं फोन ठेवला.

खोलीत पंख्याचा आवाज. बाकी काही नाही.

स्क्रीनवर फाईल अर्ध्यावर आली... तुटली...

पुन्हा पहिल्यापासून.

कुणी दुसरा असता तर चप्पल विसरून पळाला असता. हरिओमलाही दरदरून घाम फुटला. पण त्याला वाटलं, आईसाठी जीव तोडून कुणीतरी दार वाजवतंय, आणि ते दार आपणच लावलंय. तो उठला नाही. आधी त्यानं रोल नंबर उघडला. मग प्रोग्राम उघडला. आता एक तुकडा वाचायचा, पाठवायचा, मेमरीतून सोडून द्यायचा आणि मगच पुढचा घ्यायचा.

चालू केलं. अर्धं आलं... तुटलं.

का?

त्यानं डोकं धरलं. मग उमगलं. पळीपळीनं वाढतोय खरा, पण दारात आणखी एक पातेलं ठेवलंय. सर्व्हर सगळे तुकडे आधी त्यात साठवतो आणि मग बाहेर सोडतो. ते पातेलं काढायचं राहिलंच होतं.

तेही काढलं.

पुन्हा पहिल्यापासून.

मेमरी किती भरली ते दाखवणारी स्क्रीनवरची रेघ जागची हलली नाही.

पाव. अर्धं.

अर्ध्याच्या पुढं...

किल्लारी हलली होती ती वेळ जवळ आली होती. बाहेर एक कुत्रं रडायला लागलं आणि मध्येच गप्प झालं.

पूर्ण.

तो नंबर स्क्रीनवरून गेला. पुन्हा कधी आला नाही.

रविवारी टेस्ट उरकली. हरिओमनं तो तास एका मेमरी कार्डात भरला आणि जीपनं शिरूर अनंतपाळच्या पुढचं ते गाव गाठलं. दिवेलागणीची वेळ होती. साक्षीचे वडील सटवाजी ओसरीवर बसले होते. सिंधुबाईंनी ट्रंक उघडली, पोरीच्या ड्रेसच्या घडीतून मोबाईल काढला आणि हरिओमच्या हातात दिला.

मोबाईल बंद होता. पण हाताला गरम लागला.

चालू केला तर कार्ड घालायची गरजच पडली नाही. तास आत होता. पूर्ण.

हरिओमनं शेवटचा भाग लावला. सरांचा खडू वाजला. मग पोरीचा आवाज आला, गावाकडचा, थोडा घाबरलेला.

"सर, एक शंका हाय." वर्गात हशा. "पोकळीत आवाज जात न्हाई, तर मग तो राहतो कुठं?"

"राहत नाही, बाळा," सर म्हणाले.

"समजलं, सर."

सटवाजींनी उपरणं डोळ्याला लावलं. हरिओमच्या कार्डातला तास इथंच संपत होता. मोबाईलवरचा संपला नाही. नुसती शांतता चालू राहिली. सिंधुबाईंनी मोबाईल कानाला लावला. लावूनच बसल्या.

मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हाव गं... हाव... जेवते आता."

उठल्या. चुलीपुढं बसून ताट घेतलं. भाकरी मोडली आणि पहिला घास खाल्ला. दुसरा उचलताना थांबून दाराकडं बघितलं. "लेकरा, तू जेवलास का?"

हरिओम एकोणतीस वर्षांचा बाप्या, ओसरीवर बसून लहान पोरासारखा रडला. त्याला आईसारखं असं विचारणारं कुणी नव्हतं, पोरांनो.

निघायच्या आधी त्यानं दोन्ही फाईली शेजारी शेजारी लावून बघितल्या. मोबाईलवरची थोडी मोठी निघाली. तेवढा तुकडा सर्व्हरवर कधीच नव्हता. त्यानं तो कानाला लावून ऐकला. काही नव्हतं, नुसती शांतता.

सिंधुबाई मात्र अजून रोज रात्री तेवढाच ऐकतात, 'हाव' म्हणतात आणि जेवायला बसतात.