नाकातला टाका

डेंझिल जन्मात कधी होडीत बसला नाही, पण युद्धनौकेच्या बढाया मात्र फालमथ बंदरात त्याच्याकडूनच ऐकाव्यात. हे मी मनचं सांगत नाही, पोरांनो. शिडं शिवणारा जेथ्रो माझा जुना दोस्त, त्याच्यासमोर घडलेलं आहे.

डेंझिलचं घर 'पेरेग्रिना' या जुन्या युद्धनौकेच्या तुळयांवर उभं आहे. त्याचा पूर्वज तिचा कप्तान. चार वर्षं फ्रेंचांशी लढली, पाठ म्हणून दाखवली नाही, असं हा घर बघायला येणाऱ्यांना तिकीट लावून सांगायचा. गावाला खरं ठाऊक होतं. चार वर्षांत शत्रूशी गाठ पडली एकदाच, आणि त्यात कप्तान शेपूट घालून पळाला. जहाज हलकं व्हावं म्हणून आधी तोफा समुद्रात टाकल्या, मग जखमी माणसं.

गेल्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, रात्री नऊच्या सुमारास, जेथ्रो त्याच्याकडे खलाशाची झोपायची झोळी पोचवायला गेला; लोकांना दाखवायला तिच्यात पेंढ्याचा बाहुला शिवायचा होता. खलाशी मेला की त्याच्याच झोळीत त्याला शिवायचं आणि शेवटचा टाका नाकातून घालायचा, अशी रीत. जीव असला तर ओरडेल. त्या जखमींना जिवंतपणीच झोळीत शिवून टाकलं, पण कप्तानाने तो टाका घालू दिला नाही. ओरडले असते ना.

"पेंढ्याचा बाहुला कशाला? मीच झोपतो आत. उद्याच्या जाहिरातीला फोटो होईल," डेंझिल म्हणाला.

"या घरात असली थट्टा नको."

"शिव रे, भित्र्या. माझ्या नाकाला तेवढा हात लावू नकोस."

निदान याचं तोंड तरी बंद होईल, असं मनात म्हणत जेथ्रोने हनुवटीपर्यंत शिवलं. सुई पिशवीत ठेवली.

दिवे गेले.

"जेथ्रो, पुरे आता. गळ्याशी काचतंय..."

"मी शिवत नाहीये."

दोरा ओढल्याचा आवाज. पुन्हा. सावकाश.

"अरे, तोंडावरून..."

मग काहीच नाही. अंधारात कुणीतरी हळूच विचारलं, "जिवंत आहे?"

जेथ्रो हो म्हणणार...

तेवढ्यात डेंझिल किंचाळला. दिवे आले.

झोळी डोक्यापर्यंत शिवलेली. जेथ्रोने ती चाकूने फाडली. डेंझिल वाचला, कारण त्याच्या नाकातून तो टाका घातला गेला आणि तो ओरडला. त्याच्या पूर्वजाने आपल्या माणसांवर तेवढीही दया केली नव्हती.

जेथ्रोचा दोरा पांढरा, नायलॉनचा. डेंझिलच्या नाकातून डॉक्टरांनी काढला तो काळा होता, जुन्या जहाजांवर वापरत तसा डांबर लावलेला. त्यातून अजून खारं पाणी ठिबकत होतं.