धुतलेली तुर्की पोथी

नागपूरची राजधानी उठून भोपाळला गेली, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. सरुबाई सकाळीच चुडामण महाजनांच्या ओट्यावर येऊन बसली. पुढ्यातल्या चहाला तिनं हातही लावला नाही.

"मी पोथी भिजवली नाही, भाऊ," ती म्हणाली. "पण प्रोफेसरनं नळावर सगळ्यांसमोर मला दोष दिला. दोन घरांनी काम बंद केलं. उद्या पोलिसात नाव देतो म्हणतोय."

चुडामणराव पूर्वी कचेरीत नकलनवीस होते. जन्मभर दुसऱ्यांचे कागद उतरवून काढल्यावर आता ते लोकांच्या भानगडी खासगीत तपासून देत. शेजारी त्यांचा मित्र वसंत मास्तर बसला होता. त्याचं डोकं जरा सावकाश चाले, राग मात्र लगेच येई.

"वा रे वा," वसंत म्हणाला. "समरकंदची भाषा बुडाली आणि बुडवली कुणी, तर भांडी घासणाऱ्या बाईनं."

प्रोफेसर श्रीकांत वझे मध्य आशियातल्या भाषांचे मोठे अभ्यासक. सहा महिन्यांपासून गावातल्या लोधीपुऱ्यात खोली घेऊन राहत होते; सरुबाई त्यांची भांडी घासायची, पाणी भरायची. मोगल फौजेतल्या, समरकंदहून आलेल्या शिपायांच्या तुर्की बोलीची एक जुनी शब्दपोथी त्यांनी केळीचे बागायतदार लीलाधर पाटील यांच्याकडून अभ्यासाला आणली होती.

चुडामणराव आणि वसंत वझ्यांच्या खोलीवर पोचले, तेव्हा पोथीची पानं दोरीवर वाळत होती. प्रवासाचा होल्डॉल बांधून तयार होता.

"बाईनं घागर कलंडवली," वझे म्हणाले. "ही काजळाची शाई. पाणी लागलं की संपलं." टेबलावरच्या दुसऱ्याच एका जुन्या कागदावर त्यांनी ओलं बोट फिरवलं. अक्षर सहज पुसलं गेलं. "आता जगात माझी नक्कल तेवढी उरली."

वसंतनं एक पान उजेडात धरलं. या कडेपासून त्या कडेपर्यंत कोरं. एवढं नुकसान झालेल्या माणसाचा आवाज इतका ताजातवाना कसा, हेच त्याला कळेना.

प्रोफेसरांची विद्यार्थिनी कुसुम बाहेर भेटली.

"मी तेव्हा पोस्टात होते," ती म्हणाली. "सरांच्या पुस्तकात माझं नाव नसणार, म्हणून मी चिडले आहे हे खरं. पण पोथीवर कशाला राग काढू?"

"पोथीत तुर्कीखेरीज काय होतं?" चुडामणरावांनी विचारलं.

"समासात मोडी होती, जवळजवळ प्रत्येक पानावर. पाटलांच्या वडिलांनी, कौतिकरावांनी, शब्दांचे अर्थ लिहिले होते. सरांना मोडी येत नाही. म्हणाले, कारकुनी खरडाखरड आहे, तिकडे बघूच नका."

वसंतच्या कपाळाची शीर उडाली. माणसानं आयुष्य घालवून अर्थ लावावेत आणि यानं त्याला खरडाखरड म्हणावं!

लीलाधर पाटील बागेत घड उतरवून घेत होते.

"सोमवारी पोथी परत द्या, असं मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. "सरकारी संग्रहालयाला द्यायचा इरादा होता. आता काय देऊ, कोरे कागद?"

"तुमचे वडील कशानं लिहीत?"

"टाकानं. शाई कचेरीतली, निळी-काळी. तापीचा पूर घरात शिरला, तवा त्यांचं दप्तर दोन दिवस पाण्यात होतं." पाटलांनी कोटाच्या खिशातून त्यातलाच, जपून ठेवलेला एक डागाळलेला कागद काढला. "हे बघा, अक्षर अजून तसंच आहे."

"चला, पाटील. सरुबाईलाही बोलवा," चुडामणराव म्हणाले.

सगळे खोलीत जमले.

"प्रोफेसरसाहेब, काजळाची शाई पाण्यानं जाते, हे तुम्हीच दाखवलंत," चुडामणराव म्हणाले. "पण कचेरीची निळी-काळी शाई जात नाही. मी नकलनवीस, जन्मभर तिचे डाग धुतलेत. ही पोथी खरंच भिजली असती, तर मधला मजकूर गेला असता आणि समासातली मोडी उरली असती. इथं समासही कोरा. म्हणजे ही ती पोथीच नाही. तुम्ही जुने कोरे कागद आणून भिजवलेत."

"बाकी कुणी केलं नसेल कशावरून?" वझ्यांचा आवाज चिरका झाला.

"कुसुमनं ती मोडी वाचली होती. पाटलांच्या तर बापाचं अक्षर. असा कोरा समास दोघांनीही ठेवला नसता. मोडीकडे न बघणारे तुम्ही एकटेच. सोमवारी पोथी हातची जाणार होती. ती बुडाली म्हटलं, की तुमची नक्कल तेवढी खरी आणि अस्सल पोथी तुमच्या घरी. तुम्ही ती जाळणार नाही, एवढा जीव तुमचा तिच्यावर आहे. पाटील, होल्डॉल सोडा."

गादीच्या वळकटीत पोथी निघाली. पाटलांनी बापाच्या अक्षरावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"हे आपसात मिटवू," वझे म्हणाले. "बाईला मी काहीतरी देतो."

"मला काही नको," सरुबाई म्हणाली. "नळावर चला."

नळावर बायकांची रांग होती. वझे खाली बघत पुटपुटले, "या बाईंची चूक नव्हती."

"कोणत्या बाईंची?" रांगेतल्या एका बाईनं, रंभाबाईनं विचारलं. "नाव घेऊन सांगा."

वझे वसंतकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "हिचं नाव काय हो?"

वसंतच्या अंगाचा तिळपापड झाला. समरकंदच्या शिपायांचा शब्दन् शब्द या माणसाला पाठ, आणि सहा महिने जिच्या हातचं पाणी प्यायला तिचं नाव ठाऊक नाही.

"मला काय विचारता? त्यांना विचारा," तो मोठ्यानं म्हणाला.

वझ्यांना सगळ्यांसमोर विचारावं लागलं. सरुबाईनं पदर सारखा केला आणि नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"आता पहिल्यापासून बोला," ती म्हणाली.