मारुतीच्या माळेतलं पान

"हे कुणी केलं?"

शामरावांच्या स्टुडिओत काउंटरवर एक छायाचित्र ठेवून उभा असलेला तो सावळा, उंच तरुण काही मोठ्याने बोलला नव्हता. पण आत पडद्यामागे, उतरत्या टेबलावर वाकलेल्या बकुळेच्या हातातली पेन्सिल थांबली.

गिरगावात बकुळेच्या हाताला नाव होतं. लग्नाला उभ्या मुलींचे फोटो लांबलांबून तिच्याकडे यायचे. गालावरचे देवीचे व्रण, कपाळावरची आठी, नाकाच्या शेंड्यावरची चकाकी... निगेटिव्ह उजेडावर धरून ती टोकदार पेन्सिलीने, नाहीतर बारीक सुरीने असं काही नाहीसं करायची की पोरीच्या आईलासुद्धा ते कधी होतं याचा विसर पडावा. तिचे काका शामराव म्हणायचे, ब्रह्मदेवाने घाईत केलेलं काम आमची बकुळा सावकाश पुरं करते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचे फोटो छापता छापता ते दिवसरात्र अंधाऱ्या खोलीत असायचे, म्हणून हल्ली गिऱ्हाईकही तिलाच बघावं लागे.

ती पडद्याबाहेर आली. "मी केलं. काय झालं?"

तरुणाने छायाचित्र तिच्याकडे वळवलं. रुईचं एक पान, जवळून घेतलेलं. शिरा अशा ठसठशीत की बोट फिरवावंसं वाटावं. बकुळेला आठवलं. त्या पानावर नको तिथे एक ठिपका चकाकत होता. निगेटिव्हवर तो काळा दिसला, तिने सुरीने खरवडून पान लख्ख केलं होतं.

"तो ठिपका नव्हता हो," तो म्हणाला. "फुलपाखराचं अंडं होतं."

बकुळेच्या तोंडचं पाणी पळालं. कागदावर पुसलेलं पुन्हा छापता येतं, निगेटिव्हवरचं खरवडलेलं ब्रह्मदेवालाही परत आणता येत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक!

त्याने चिडावं, निदान आवाज चढवावा, म्हणजे तिलाही दोन शब्द सुनावता आले असते. पण तो हसला, थोडं खिन्न. त्याचं नाव दत्ताराम. राहायला लालबागला, गिरणीत कापडावरच्या वेलबुट्ट्या काढायचं काम. त्या बुट्ट्यांसाठी पानंफुलं न्याहाळता न्याहाळता हा नाद लागला होता. साध्या पेटी-कॅमेऱ्यापुढे भिंग बसवून तो फोटो काढायचा. दादरच्या हौशी मंडळींचं प्रदर्शन रविवारी होतं आणि त्याच्या चार चित्रांची ओळ ठरली होती. अंडं, सुरवंट, कोष, फुलपाखरू. चारांतलं एक नसलं तर ओळ लागणार नव्हती. तीन चित्रं तयार होती, चौथं बकुळेने स्वच्छ केलं होतं.

"रविवारच्या आत दुसरं अंडं शोधून देते," बकुळा म्हणाली.

"तुम्ही?"

"का? मला डोळे नाहीत?"

"आहेत की..." तो म्हणाला, आणि उगाचच त्या डोळ्यांकडे नको तितका वेळ बघत राहिला. "त्या डोळ्यांनीच तर घात केला."

पुढचे दिवस दोघं रुईच्या मागे लागली. शामरावांनी दुपारची सुटी दिली, वर पुतणीला म्हणून चार गोष्टीही सुनावल्या. परळच्या रेल्वेच्या कुंपणाकडेची झुडपं झाली, शिवडीच्या किल्ल्याखालचा उतार झाला. दत्ताराम पान हळूच उलटून बघायला शिकवी. फुलपाखरू अंडं घालतं ते पानाच्या पाठीवर, एका पानाला एकच, कारण निघणाऱ्या पिल्लाला पोटभर मिळायला हवं. पान उलटताना त्याची बोटं अशी हलकी असत की बकुळेला आपलीच बोटं राकट वाटू लागली. माघाचं उबदार ऊन, रुईच्या चिकाचा उग्र वास, आणि हा माणूस गुडघ्यावर बसून एका पानाशी कुजबुजल्यासारखा... ती बघायची पानाकडे, दिसायचं भलतंच.

"तुमच्या घरी काही म्हणत नाहीत, असं झुडपांत शिरता ते?" तिने विचारलं.

"आई तिच्या मालवणीत म्हणते, या झिलाक भूत लागला." तो हसला. "आता विचारते, भुताचं नाव काय."

बकुळेने मान खाली घालून पुढचं पान उलटलं. पण त्या दिवशी चर्नी रोडपासून घरापर्यंतची वाट तिला नेहमीपेक्षा फार आखूड वाटली.

अंडं मात्र मिळेना. शुक्रवारी ती दादरच्या फुलबाजारात गेली. शनिवार म्हणजे मारुतीचा वार, रुईच्या पानांचे भारेच्या भारे उतरलेले. राधाबाई फुलवालीने तिला पानं उलटीपालटी करताना पाहून विचारलं, देवाला पानं घेतेस की जावई निवडतेस? बकुळा लाजली नाही, पण रिकाम्या हाताने परतली.

शनिवारी सकाळी वाडीतल्या मारुतीच्या देवळात तिच्या वडिलांचं, नानांचं, कीर्तन होतं. नाना उभे राहिले की चिपळ्यांनाही वाचा फुटायची. मागच्या भिंतीशी दत्ताराम येऊन बसला होता. कॅमेरा पिशवीत, चेहरा पडलेला. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. तो निरोप घ्यायलाच आल्यासारखा बकुळेला वाटला. चित्र गेलं तर तो पुन्हा कशाला या रस्त्याला येणार?

पूर्वरंग संपला. नाना बुक्का लावून घेत होते. पहिल्या रांगेतल्या बकुळेने हात जोडून देवाकडे पाहिलं, आणि जोडलेले हात तसेच राहिले. मारुतीच्या गळ्यातल्या माळेत, खांद्याजवळच्या एका पानाची पाठ बाहेर आली होती. त्यावर एक पांढुरका ठिपका. मोहरीहूनही लहान.

ती उठली. सगळं देऊळ बघत असताना गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी गेली. वाडीतल्या कमळाबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, आणि कीर्तनातला आवाज लपतो थोडाच!

"अगं, देवाच्या गळ्यातलं पान काढतेस?"

"काढत नाही, मागते आहे," बकुळा म्हणाली. "नाना, त्या पानावर फुलपाखराचं अंडं आहे. ते मला हवंय."

नानांनी वीणा सावरली. "तुला कशाला?"

टाळकरी पुढे वाकले. मृदंगवाल्यानेही मान वर केली. बकुळेला उमगलं की आता नाव घ्यावं लागणार, आणि भर देवळात घेतलेलं नाव पुन्हा खरवडता येत नाही.

"माझ्यासाठी नको. यांच्यासाठी..." तिने मागच्या भिंतीकडे हात केला. "लालबागच्या दत्तारामांसाठी. मी त्यांचं नुकसान केलंय. आणि नुसतं तेवढंच नाही."

माना वळल्या. दत्ताराम भिंतीला टेकला होता, तो ताठ झाला.

नाना श्रोत्यांकडे वळले, जणू उत्तररंग हाच होता. "मंडळी, लंकेत घरोघर शोध घेत कोण फिरलं? हाच ना? हरवलेलं शोधणाऱ्याच्या जिवाची उलघाल याच्याइतकी कुणाला ठाऊक? मग हा एक पान देणार नाही?" त्यांनी गाभाऱ्यात जाऊन देवाला नमस्कार केला, पान अलगद सोडवलं आणि हाळी दिली, "या हो लालबागकर. प्रसाद घ्या."

दत्ताराम सगळ्यांच्या मधून चालत आला. कमळाबाईंनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत निरखलं, मग वाट द्यायला स्वतःच सरकल्या.

कीर्तन पुन्हा सुरू झालं. बाहेर अंगणात, पाराजवळच्या उन्हात, त्याने कॅमेरा मांडला. भिंगापासून पानापर्यंतचं अंतर तो दोऱ्याने मोजायचा. एक टोक कॅमेऱ्याला बांधलेलं, दुसरं बकुळेने पानाशी धरायचं. दोरा ताणला की दोघांत जेमतेम एक वीत उरली.

"श्वास रोखा," तो म्हणाला.

"केव्हाचा रोखलाय."

खटका पडला.

संध्याकाळी फिल्म धुतली ती शामरावांनी. निगेटिव्ह बकुळेच्या टेबलावर आली तेव्हा तिने सुरी खणात ठेवली आणि खण लावून घेतला.

रविवारी दादरच्या त्या छोट्या हॉलमध्ये चारही चित्रं ओळीने लागली. शिवाजी पार्कच्या सभेहून परतणारी माणसं छातीवरचे बिल्ले न काढताच आत डोकावत होती, अंड्यासमोर थांबत होती. नाना तर चष्मा वर सरकवून इतके जवळ गेले होते की त्यांना हाताला धरून मागे ओढावं लागलं.

त्यांना तिथेच ठेवून दत्ताराम बकुळेपाशी आला.

"नाना मघाशी विचारत होते, आईला घेऊन घरी कधी येता," तो म्हणाला. "मी म्हटलं, उद्याच. पण मग लक्षात आलं... मी तुला विचारलंच नाही."

बकुळेने खांद्यावरचा पदर सारखा केला.

"मग काय," ती म्हणाली, "भर कीर्तनात मी काय एका पानासाठी उभी राहिले होते?"